नळदुर्गपर्यंत

हेराल्ड विकू की मॉरिस, विचारतायत चिप्पाशेठ.
अक्कलकोट रोडच्या शेडात
मी हात पुसतोय चादरीच्या चिंधीला.

हेराल्ड पळते बे, खोटं का बोलू.
नळदुर्गला पंधरा मिनिटं आधी.
पण जोरात वळवली
की मागची चाकं पोटाखाली ओढते,
मांजर बसतं तशी.
बॉनेट अख्खं पुढं उघडतं,
टायरवर बसून, चहा पीत काम करावं.
आणि काम असतंच. दर महिन्याला.

मॉरिसला घाई नाही.
आतल्या पंपाची टिकटिक थांबली
तर बुडाशी एक पान्हा हाणायचा, चालू.
पुढच्या सांध्याला ग्रीस मात्र वेळेवर;
विसरलात की चाक मुडपून
भर रस्त्यात मांडी घालते.

त्या मे महिन्यात इटकळच्या अलीकडं
हेराल्डचं पाणी उकळलं.
मॉरिसनंच ओढत आणली सोलापूरला.
हेराल्डमध्ये धाकटे शेठ,
काचा वर करून,
तसल्या उन्हात.

"बोल की इरण्णा, गिऱ्हाईक उभंय."

हेराल्डची चावी दिली.
मॉरिसची सापडंना म्हटलं, बघतो उद्या.
खिशातनं
मांडीला टोचत होती.