पाठची बाजू

गावाचं नाव पेच. हंगेरीतलं.
बसस्टँडच्या भिंतीवर
पन्नास वर्षं उभी आहेत सूर्यफुलं,
भाजलेल्या मातीची, दोन मजले उंच,
पान म्हणजे एकेक परात.
आता स्टँड पाडायचाय.

गेर्गेय छिन्नी लावतो
दात काढावा तशी, जपून,
आणि आकडा ओरडतो. तीनशे अकरा!
खाली भुशाच्या खोक्यात
एक पाकळी आडवी होते,
झिलई अजून ओली वाटावी अशी.

एतेल्काबाई रोज येते, घडीची खुर्ची घेऊन.
त्या भट्टीवरच्या बायकांत आता हीच उरली.
सांगते, माती आटते रे,
आठातला एक वाटा भट्टीचा,
म्हणून फूल घडवायचं ते
भिंतीच्या मापानं नाही,
भट्टीची भूक धरून.

तीनशे सत्त्याण्णव उलटी निघाली.
सिमेंट झटकलं तर मागे,
ओल्या मातीत खिळ्यानं कोरलेलं:
साहेब झोपलाय.
योलान, तुझं वाटीभर मीठ देणं आहे.

गेर्गेयनं मोठ्यानं वाचलं, मग उगाच हळू.
बाईनं चष्मा पुसला.
अक्षर माझंच, म्हणाली.
योलान गेली सत्त्याऐंशीत.
मीठ राहिलंच.

फुलं पुढे कुठे लागणार
नगरपालिकेलाही ठाऊक नाही.
गोदाम कोरडं आहे, एवढंच कळलंय.

गेर्गेयनं आकडा टिपला,
खोक्यात भुसा सारखा केला
आणि ही एक फरशी
पालथी ठेवली.