कारण : चार ओळींत

जानेवारी. म्हणजे इथला उन्हाळा.
नऊ अंश, आणि वारा असा
की पुंता आरेनासच्या चौकात
धरून चालायला दोर बांधलेत.

दोर धरत धरत पोरं येतात मुलाखतीला,
केस पिंजारलेले, कान लाल,
अर्जातल्या चार ओळी तोंडपाठ :
हा पेशा का निवडलात?

मंडळात मी तिसरी. खिडकीकडची खुर्ची,
जिचा एक पाय आखूड आहे.
एकतीस वर्षं रात्रपाळी, मनोरुग्णांचा मजला,
म्हणून बसवतात. बोललंच पाहिजे असं नाही.

सेवा, सेवा, सेवा.
दुपारपर्यंत या शब्दाची
चौथ्यांदा उकळलेली चहापत्ती होते.
खोटं कुणीच बोलत नाही.
खरं कुठं ठेवलंय ते सापडत नाही, इतकंच.

माझा भाऊ ओस्वाल्दो सामुद्रधुनीपलीकडे मास्तर झाला.
तोतरा होता.
म्हणाला, खडूला अडखळायला होत नाही.
रोसाल्बा नर्स झाली, कारण रात्रपाळी म्हणजे
नवऱ्याशिवायची रात्र, तीही पगारी.
आणि काहीजण येतात
आपल्याहून दुबळं कुणीतरी हाताखाली हवं म्हणून.
त्यांनाही पाहिलंय. ते फार दिवस टिकत नाहीत,
किंवा फारच टिकतात.

मी आले ती उबेसाठी.
आमचं घर पत्र्याचं, लाकडं ओली,
आणि इस्पितळात भिंतीतून गरम पाणी फिरायचं.
पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा कोळी,
त्याच्या खाटेखाली समुद्र आला होता.
म्हणाला, पाय वर घे पोरी, भिजशील.
मी घेतले. त्याच्या खाटेवर, पहाटे पाचपर्यंत.
भरती ओसरली तेव्हा तो झोपला.
तिथून उठायचं माझं राहूनच गेलं.

अर्ज क्रमांक सत्तावीस. यानिरा ओयार्सो, वय एकोणीस.
कारखान्यात सेंतोया खेकडे सोलते,
बोटांवर काट्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा.
चारही ओळी कोऱ्या.

डॉक्टर मिल्येन्कोंनी चष्मा वर केला : काही लिहिलं नाहीत?
ती म्हणाली, बाबा अकरा दिवस तुमच्याकडे होते.
दहाव्या रात्री एका बाईनं त्यांची पायाची नखं कापली.
कुणी सांगितलं नव्हतं. अंगठ्याचं वाकडं होतं,
त्याला आधी कोमट पाण्यात भिजवलं.
ते जाणार हे तिला ठाऊक होतं,
तक्त्यावर लिहिलेलंच होतं.
मग कशाला?
मला कारण माहीत नाही.
मी विचारायला आलेय.

तिघांपैकी कुणी बोललं नाही.
पत्रा वाजत होता कुठंतरी.
मी आठवून पाहिलं : ती बाई मी होते का?
त्या मजल्यावर मी बदलीवर जायचे कधीकधी,
नखंही कापलीत, किती ते कुणी मोजलंय.
चेहरे जातात. अंगठे राहतात थोडे दिवस,
मग तेही जातात.

डॉक्टरांनी रकान्यात लिहिलं : उत्तर नाही.
मी दहापैकी नऊ दिले.
एक का कापला, हे मला
संध्याकाळपर्यंत कळलं नाही.
सवय असेल. थोडं हातचं राखायची.

ती गेली तशी मी काचेतून पाहिलं.
कोपऱ्यावर तिनं दोर धरला.
समोरून त्याच दोराला धरून एक आजोबा येत होते,
टोपी दातांत, पिशवीत पाव.
मधोमध दोघं थांबले.
कुणीतरी हात सोडल्याशिवाय
कुणालाच पुढं जाता येणार नव्हतं.

तिनं सोडला.
वाऱ्यानं तिला दोन पावलं रस्त्यात ढकललं,
एका गाडीनं भोंगा वाजवला,
ती काहीतरी ओरडली, शिवीच असावी,
आणि परत आली दोरापाशी.

का सोडलास, हे विचारायला
मी खिडकी उघडली नाही.
या वाऱ्यात ती उघडतही नाही.

अठ्ठावीस, मी हाक मारली.
आत या. दार नीट लावून घ्या.