सेटर

ओळखपत्रावर माझ्या नावाखाली छापलं होतं
सेटर.
सव्वीस वर्षं शिरोलीला गळ्यात घालून गेलो,
म्हणजे काय, ते कधी विचारलं नाही.
चकमध्ये जॉब धरायचा, डायल लावायची,
काटा थरथरायचा थांबेपर्यंत
पितळी हातोडीनं हळूहळू ठोकायचं,
लोखंडाला वळ उठू नये म्हणून.
मग झिरो द्यायचा आणि बाजूला व्हायचं.
मशीन ज्याचं त्यानं चालवावं.

शिवलीलाच्या सरांनी सांगितलं,
एक क्रियापद घ्या, त्याच्या मुळापर्यंत जा.
बारावीची पोर. तिनं माझंच पद उचललं.
वाचनालयातला जाड कोश मांडीवर,
मान खाली, वेणी पानावर.
“अप्पा, लई पानं हाइत ह्याला.”
दिवस मावळला, तो सेट.
सिमेंट आवळलं, तो सेट. दही लागलं, तो सेट.
गजर लावला तो, जेवायची ताटं मांडली तो,
कुत्रं अंगावर सोडलं, तो पण.
म्हटलं, एकाच माणसाला एवढी कामं?
ओव्हरटाइम देतात का त्याला?

मग तिचं बोट बारीक अक्षरांत शिरलं.
हे सिटच्या पोटचं, म्हणाली.
सिट म्हणजे बसणं,
सेट म्हणजे दुसऱ्याला बसायला लावणं.
आणि त्याच्याही मागं, पार मागं,
आपल्या सदनातला, परिषदेतला, प्रसादातला सद्,
तो ह्यांचा चुलता.

अगं, मग बसवणं म्हण की सरळ!
गंगावेशीच्या तालमीत बंडा वस्ताद
निखळलेला खांदा बसवायचे.
पोराला विचारायचे, म्हस दूध किती देती रे?
पोरगं म्हणायचं, चार लि
आणि कट्.
लिटर नंतर, रडून झाल्यावर.
गुजरीत तुझ्या आईच्या साजाचा
पडलेला माणिक बसवून घेतला, तेव्हा सोनार
श्वास धरून होता, मी पण.
गणपती बसवतात. घडी बसवतात. नाटक बसवतात.
आणि तुझा पणजा बसाप्पा, तो पण ह्यातलाच?

नाही, म्हणाली. तो बसव म्हणजे वृषभ, बैल.
दिसायला एक, मूळ वेगळं.
इंग्रजीत पण तीच गत.
तुमच्या पान्यांचा सेट म्हणता ना,
तो दुसऱ्याच घरचा, लॅटिनकडचा,
कुणाच्या तरी मागोमाग चालणाऱ्यांचा.
नाव सारखं, म्हणून एका खोलीत राहतात.
मी उगीच उठलो, पान्यांचा डबा उघडला.
दहा, बारा, तेरा.
चौदाचा कुठं गेला कोण जाणे,
पंधरा त्याच्या मागोमाग चालत होता तसाच.

तिनं सगळं वहीत उतरवलं.
एक अर्थ मी सांगितला नाही.

फेब्रुवारीत ऑर्डरी थांबल्या. धंदा बसला.
मालक माणूस चांगला.
चहा मागवला, स्वतः खुर्ची ओढली,
म्हणाला, मगदूम, बसा.
तेव्हापासून मी बसून आहे.
शेजारी विचारतात तेव्हा हिची आई हळू आवाजात सांगते,
बसवलंय त्यास्नी.
व्याकरण चोख आहे.
करणारा दुसराच असतो.

खिडकीतून टेंबलाईच्या टेकडीवरचा उजेड
कमी कमी होत गेला.
आपल्यात दिवस बुडतो.
बुडालेल्याचं काय सांगावं.
त्यांच्यात म्हणे तो नुसता बसतो,
दमलेला माणूस कट्ट्यावर टेकावा तसा.
तिकडच्या लोकांना हे माहीत असेल का,
का तेही गळ्यात घालून नुसते फिरतात?

कोश मिटताना धूळ उडाली, ती शिंकली.
मी म्हटलं, शिवलीला, मोबाइलवर गजर लाव,
सकाळी सहाचा.
तिनं माझ्याकडं बघितलं.
कशाला, असं विचारलं नाही.
लावला.