सोड्याचं पाणी

गाडी थांबवा. सगळ्यांनी खाली उतरा.
या भिजल्या गोणपाटावर दोन्ही पाय, टाचेसकट.
पायातलेच नव्हे, डिकीतले बूटसुद्धा.
हे मी दिवसाला साठ वेळा म्हणतो,
झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते.

माझं नाव ओलेफिले. बोट्स्वानात, कुंपणाच्या फाटकावर नोकरी.
उत्तरेला पाणथळ, रानम्हशी
आणि त्यांच्या शेजारी चरणारी गुरं.
दक्षिणेला, ज्यांचं मांस जहाजातून परदेशी जातं ती गुरं.
रानम्हैस लाळ्या-खुरकूत अंगात घेऊन हिंडते,
तिला काही होत नाही.
गायीच्या मात्र जिभेची साल निघते.
मधे माणसाच्या डोक्याहून उंच तारा,
मी, आणि धुण्याच्या सोड्याची बादली.

गेल्या महिन्यात उत्तरेहून आईने वाळवलेलं मांस पाठवलं.
मीच ते माझ्याकडून जप्त केलं.
वहीत लिहिलं: दीड किलो, मालक ओलेफिले,
आणि मागच्या खड्ड्यात रॉकेल ओतलं.
वास चांगला सुटला होता.
कुत्रं दोन दिवस तिथून हललं नाही.

लोक म्हणतात, नियमाला आई-बाप नसतात.
मला बाप होता. त्याची त्रेसष्ट गुरं होती.
कुणीतरी रात्री, दाखल्याशिवाय,
सीमेपलीकडून एक बैल हाकत आणला. स्वस्त पडला म्हणे.
बैल खोकत होता.
पावसाळ्याआधी सगळ्या मुलखातल्या दावणी रिकाम्या झाल्या.
बंदुकवाले दमून सावलीला बसायचे,
आई त्यांना पाणी द्यायची.
बाप त्यानंतर बरीच वर्षं जगला,
पण संध्याकाळी शीळ घालायचा, ती बंद झाली.

तर गुरुवारी रा मोदिएगी आले, आठ गुरं घेऊन,
दोन दिवसांची चाल.
पुतण्याचं लग्न, मुलगी दक्षिणेची.
मुलीच्या घरी बोगादीची गुरं
आपल्या पायांनी चालत जावी लागतात,
पहाटे, गाव उठायच्या आत.
मी म्हटलं, परवाना फाटकापर्यंतचाच आहे.
म्हातारा म्हणाला, मला वाचता येतं.

निळ्या गाडीतून पलीकडे मुलीचे मामा उतरले.
कोट घातलेले, गंभीर, तारेपासून हातभर लांब.
रा मोदिएगींनी एकेक जनावर पुढे केलं:
ही बांडी, दोनदा व्यालेली.
ही तांबडी, कपाळावर चांद. लाथ मारते, आधीच सांगतो.
हा कोसा खोंड.
ही ढवळी, हिची आई माझ्या आईने धुतलेली...
मामा मोजत होते, ओठ हलत होते.
बांडीने तारेतून नाक पुढे काढलं,
थोरल्या मामाचा हात आपोआप उठला.
हात, मी म्हणालो.
एवढंच म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला.
हात हवेत थांबला, मग खिशात गेला.

बायकांनी जिभा घोळवून किलकारी दिली.
ती आधी उत्तरेकडून गेली, मग दक्षिणेकडून आली.
त्यावर माझ्या वहीत रकाना नाही.

गुरं आल्या वाटेने परत गेली.
आता ती मामांची आहेत, चरतात मोदिएगींच्या रानात.
वासरं झाली तर कुणाची?
यावर दोन्हीकडचे म्हातारे तासभर बोलले,
मधे तार, दोघांनाही कमी ऐकू येतं.
मी लिहिलं: आठ. कुठून, ते लिहिलं.
कुठे, या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसलो.
शाईचा ठिपका अजून आहे.

परवा ती मुलगी उत्तरेहून माहेरी निघाली होती.
उतरली, गोणपाटावर उभी राहिली, टाचेसकट.
डिकीत खोक्यात लग्नाचे पांढरे बूट,
धाकट्या बहिणीला द्यायचे, कापडाचे.
ती काही बोलली नाही. खोकं पुढे केलं.
मग म्हणाली, बांडीला कालवड झाली, मामांना सांगायला चाललेय.

मी बूट घेतले
आणि बोटांच्या चिमटीत धरून
फक्त तळ बुडवले,
वरचं कापड कोरडं ठेवून.