ओठ तपासताना

डिसेंबर. मदीनत झायेदच्या बाहेर, वाळूत
हजारो उंट आणि त्याहून जास्त गाड्या.
माझं काम ओठांचं.
सांडणीचा ओठ इथे लोंबता लागतो,
जितका लोंबेल तितकं रूप.
काही मालक सुई टोचून लोंबवतात.
मी जेल लावतो, यंत्र फिरवतो,
पडद्यावर करडं मांस, आणि मांसात कधी
विहिरीच्या तोंडासारखा काळा गोल.
मग मी डॉक्टरांकडे बघतो. बोलायचं त्यांनी.

दुपारी तासभर सुट्टी.
विणकामाच्या तंबूत सलामा बिंत हुवैरिब
जमिनीत खुंट्या ठोकून बसलेली,
लाल-काळा पट्टा तिच्या मांडीखालून लांबत जातो.
धागा ठोकायला हरणाचं शिंग.
लोक फोटो काढतात, ती मान वर करत नाही.

तिच्या अरबीत थोडी हिंदी, माझ्या हिंदीत थोडी अरबी.
सांगितलं, माझी आई म्हसवडकडची,
मेंढरांमागं चालता चालता चातीवर लोकर कातायची.
दिवाळी झाली की तळ हलायचा, घोड्यावर कोंबड्या, करडं, मी.
आमच्यात म्हणतात, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
ती हसली. विंचवाला कसलं बिऱ्हाड?
तो तर बीळ करून राहतो.
बिऱ्हाड आमचं होतं, तेही उंटाच्या पाठीवर.

मग बराच वेळ नुसतं शिंग वाजत राहिलं.

आता सरकारी घर आहे, म्हणाली, पाच खोल्या, गार हवा.
पण वारा फिरला तर घराचं तोंड फिरवता येत नाही.
संध्याकाळी नातू गाडी घेऊन येतो,
मी हे सगळं इथेच सोडून जाते, सकाळी पुन्हा येते
भटकी व्हायला.

मी माझ्या आईचं काही बोललो नाही.
घरकुल मिळालं त्या वर्षी तिनं
कुलूप कसं लावतात ते तीनदा विचारलं होतं.

चार वाजता शेवटची रांग.
सातव्या सांडणीच्या ओठात सापडला गोल.
डॉक्टरांनी कागदावर रेघ मारली,
मालक काही न बोलता फोन कानाला लावून निघून गेला.
तिच्या मोरखीची दोरी हातात धरून
सुदानचा बाबिकर उभा होता, तिला दोन दिवसांची असल्यापासून सांभाळणारा.
त्यानं विचारलं, दुखत असेल का तिला?
मी म्हणालो, माहीत नाही.
त्यानं बाहीनं
तिच्या ओठावरचं माझं जेल पुसलं,
एकदा, मग पुन्हा नीट.