चुन्याचं पाणी

(बांदा बेटं, लोंतोरची वखार)

हात असे बुडव. मनगटापर्यंतच.
नखाच्या कडेला चीर असेल तर आधी तेल लाव,
नाहीतर रात्रभर आग, आणि सकाळ तर होणारच.
तुझी बोली मला येत नाही, तुला माझी.
चालेल. चुन्याला दोन्ही सारख्याच.

मी वा मिना. बुटोनची.
दोन राजांच्या भांडणात आमचं गाव हरलं
तेव्हा मी आणि दोन शेळ्या एकाच दोरीने विकल्या गेलो.
शेळ्या जहाजावरच संपल्या.
तू कुठली? बरं, राहू दे.

हे पाणी साधं नाही.
समुद्रातलं पोवळं फोडून आणतात, भट्टीत भाजतात,
तेव्हा कुठे ते इतकं पांढरं होतं, आणि इतकं रागीट.
जायफळ यात बुडवायचं. दोनदा.
का, असं तू विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं मला.
मी विचारलं होतं, वखारीतल्या कारकुनाला,
त्या योस्त विब्रांट्सला, ज्याच्या पापण्यासुद्धा भुऱ्या.
म्हणाला, दुसऱ्या कुठल्या मातीत ते रुजू नये म्हणून.

मी माझ्या हातांकडे पाहिलं.

ही झाडं ज्यांनी लावली ते आता इथे नाहीत.
मोठ्याने विचारू नकोस.
विहिरीपाशी म्हातारी बसते ती बोई सालामा,
ती तेवढी उरली; उरली म्हणजे ठेवली,
कारण कुठलं फळ आज फुटेल आणि कुठलं परवा
हे अजून तिलाच कळतं.
झाडांना ती नावाने हाक मारते.
मला आधी वाटलं, झाडांचीच नावं असतील.
मग एकदा तिने एका झाडाला विचारलं, जेवलास का.

तीच जायफळ उगाळून रडक्या पोरांना चाटवते,
बोटाच्या टोकाएवढं.
पोर दिवस मावळायच्या आत झोपतं.
आणि इथून जहाजंच्या जहाजं भरून जातात दरसाल.
केवढं असेल ते मूल, तिकडे, थंडीत,
जे अजून झोपत नाही.

तो बंदुकीचा आवाज? काही नाही.
रानपारवे मारायला माणूस ठेवलाय कंपनीने.
पारवा फळ गिळतो, समुद्र ओलांडतो,
आणि वाटेल त्या बेटावर, परवाना न काढता, हगतो.
याचीही नोंद आहे त्यांच्या वहीत. योस्तच मला हसत म्हणाला,
मग एकदम हसायचा थांबला.

गेल्या पौर्णिमेला एक पारवा मला सोलायला मिळाला.
गळ्याच्या पिशवीत अख्खं जायफळ,
लाल पत्रीत गुंडाळलेलं, ओलं, अजून गरम.
आणि ऐक, कुणाला सांगितलं नाही हे
(तुला कळत नाही म्हणून तर सांगतेय):
माझा हात आपणहून या पिंपाकडे गेला.
नऊ वर्षांचा हात.
बुडवलं मी ते. एकदा.
दुसऱ्यांदा बुडवताना भानावर आले.

मग रात्रभर धूत बसले,
विहिरीच्या पाण्याने, शहाळ्याच्या पाण्याने,
शेवटी जिभेने. जीभ चार दिवस सुजलेली.
कुठे पुरलं ते विचारू नकोस.
माझी बोली शिकलीस तरी विचारू नकोस.
अजून वर काही आलेलं नाही.

चल, तो बघतोय.
कवच फोडण्याआधी प्रत्येक फळ कानापाशी हलवायचं,
आतली बी खुळखुळली की धुराने ती पुरती सुकली.
हे खुळखुळतंय. फोड, बुडव.
हे पण. फोड.
हे? पुन्हा हलव.
थांब.
फोडू नकोस. मान खाली घाल,
आणि ते हळूच
इकडे दे.