पाचवी तार

आमच्याकडे बेंजो म्हणजे टाइपरायटरची बटणं,
बटणांखाली तारा, टेम्पोच्या टपावर चार भोंगे,
आणि पुढे धूळ उडवणारं पब्लिक.
'न्यू संगम बेंजो पार्टी, फुलेनगर, पंचवटी.
हळद, लग्न, जयंती.'
मी पॅड वाजवतो. बेंजो एलिया उजगरे.

म्हणजे, वाजवायचा.
सातपूरच्या पॉवर प्रेसने रात्रपाळीत
त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं घेतली,
करंगळी आणि अनामिका.
भरपाईच्या फॉर्मवर कारकुनाने दोन्ही नावं लिहिली.
एलिया म्हणाला, बघ,
अनामिकेचं नाव पहिल्यांदाच कुणी कागदावर घेतलं.

बटणं राहिली. पार्टीने कॅसिओवाला पोरगा घेतला.
एलिया केबल गुंडाळू लागला.

दवाखान्यात शेजारच्या पेशंटच्या मुलाने
फोनवर त्याला बेंजो शोधून दिला होता.
निघाला भलताच!
गोल पोट, लांब मान, बटण एकही नाही.
डोंगरातले गोरे लोक, घाई असल्यासारखे वाजवणारे,
आणि सूर असे, की पिकल्या घडावरून हात फिरवावा
आणि मणी टपटप पाटीत पडावेत,
एकानेही दुसऱ्याला धक्का न देता.

नावं इंग्रजीत. एलियाने आपली ठेवली.
हॅटकाका:
चेहरा पतपेढीच्या कॅशियरचा, बोटं दरोडेखोराची.
अंबाडेवाली मावशी:
डोळे मिटून वाजवते, मधेच उघडून बघते,
गॅसवर काही लागलं तर नाही ना.
एक लुकडा, चष्मेवाला,
सुरातून निघून पार घोटीपर्यंत भटकून येतो
आणि बरोबर जेवायच्या वेळेला दारात.
आणि एका करड्या, ओरखडे पडलेल्या फितीत
ओसरीवर बसलेला काळा म्हातारा.
त्याच्या खाली नावच नव्हतं.
मुलाने वाचून दाखवलं: हे वाद्य मुळात याच्या लोकांचं,
भोपळ्याचं होतं, बोटीतून आलं, साखळदंडांसोबत.
एलिया बराच वेळ गप्प.
शरणपूरला पास्टर सांगायचे,
गुलामांच्या बोटींवरून सोडवलेली हबशी पोरं
इथेच शिकली, सुतारकाम, लोहारकाम.
त्यातल्या कुणी भोपळा मागितला असेल का रे,
आणि कुणी दिला असेल?

मग एका रात्री त्याचा फोन, दीड वाजता:
अरे, तीनच बोटं!
अंगठा, तर्जनी, मधलं. बाकीची दोन नुसती
चामड्यावर टेकून बसतात, जावयासारखी!

डफाचं कडं भद्रकालीतून.
चामडं खलीलभाईने ताणलं, पैसे नंतर दे म्हणाला, नंतर घेतले नाहीत.
दांडा मोडक्या पलंगाचा, शिसवी.
तांबट आळीत म्हाताऱ्या तांबटाने
उरलेल्या तीन बोटांची मापं घेतली, बांगड्यांची घ्यावीत तशी,
आणि तांब्याच्या नख्या ठोकल्या.
सगळं उलटं बांधलं. उजवा हात दांड्यावर,
डावा तारांवर. आयुष्यभराचे हात
चाळिशीत बदलले त्याने.
पहिले आठ महिने ऐकवत नव्हतं, खरं सांगतो.

पाच तारा. पाचवी आखूड,
अर्ध्या दांड्यावरून सुरू होते.
ती दाबायची नसते, एलिया म्हणतो.
बाकीच्या चौघी पळतात, ही एकच सूर धरून
अंगठ्याजवळ बसते.

परवा आडगाव नाक्याला हळद होती.
दहा वाजले, जीप आली, भोंगे बंद.
पब्लिकने शिव्या दिल्या, मग जेवायला बसलं.
एलिया टेम्पोच्या फळीवर बसून वाजवू लागला.
नाचायला कुणी उठलं नाही. त्यावर नाचतात कसं, कुणाला माहीत?
पातेलं घासणारी बाई तेवढी थांबली,
मग घासू लागली, पण त्याच्या लयीत.

हवालदार आला. काय आहे हे?
बेंजो, साहेब.
हा बेंजो नाही.
मालक धावत आले: याला भोंगा नाही साहेब, वायर नाही, बघा,
हात फिरवून बघा.
त्याने खरंच फिरवला. चामड्यावर बोट वाजवलं, टक्.
तांब्याच्या नख्या पाहिल्या. मग हात.
गाडी बंद कर, ड्रायव्हरला म्हणाला.

माझ्या पॅडची वायर कधीच काढलेली होती.
मी रबरावर बोटं मारत राहिलो,
आवाज न येता, बराच वेळ.